पुलाच्या अलीकडे

रविवार, ८ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा होता तसाच आहे. जिन्यातला दिवा अजून लागत नाही. आपण फोनवर जेवढं बोलतो तेवढं सुरुवातीलाच उरकून घेतलं, म्हणजे उरलेला कागद मोकळा. मोबाइलवर टाइप करायला बसलो असतो तर एवढं लिहिलं नसतं, हे तुला माहीत आहे.

पत्रास कारण खास काही नाही, असं लिहिणार होतो, पण तुला ते खरं वाटणार नाही. तर कारण असं, की तुझा तो टीव्हीवरचा जपानी खेळ मी खेळायला लागलोय. हसून घे आधी.

टीव्हीखालचं कपाट आवरताना ते यंत्र सापडलं, आईने शिवलेल्या निळ्या खोळीत. कोणाला देऊन टाकवेना आणि नुसतं ठेवून देववेना. मग जोडलं. कुठली वायर कुठे जाते यात एक अख्खा रविवार गेला. आमच्या चष्म्यांच्या कारखान्यात फ्रेमा बसवणारी मुलगी आहे ना, जिला सगळे फ्रेमवाली म्हणतात, ती हे खेळ लहानपणापासून खेळते. तिला फोन करून करून एकदाचं चित्र आलं.

पण काय गं हा खेळ? माणसाला चालूच देत नाहीत. चार पावलं टाकली की पडदा गरगरतो आणि समोर बेडूक. बेडूक मारा, बक्षीस घ्या, वाजंत्री ऐका, पुन्हा चार पावलं, पुन्हा बेडूक. कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना मला रोज असं झालं असतं तर मी दूध आणणं कधीच सोडलं असतं. आणि या लोकांचं बोलणं! जग बुडायला आलंय आणि सगळे उभे राहून मैत्री म्हणजे काय यावर बोलतायत. परवा खलनायक त्याचं बालपण सांगत होता. मी चहा टाकला, प्यायलो, कप विसळून ठेवला, तरी त्याचं शाळेत जायचं वय झालं नव्हतं. बरं, त्याला हरवलं की तो मरत नाही. त्याला पंख फुटतात आणि पहिल्यापासून सुरू.

गावातल्या एका म्हाताऱ्याला मी भेटेन तेव्हा तो एकच सांगतो, उत्तरेला डोंगर आहे. आहे रे बाबा, दिसतोय. आणि तुमची नायिका खुशाल कोणाच्याही घरात शिरते, कपाटं उघडते, असेल ते खिशात घालते. तुला मी असं वाढवलं नव्हतं.

तू सगळ्यांना आपली नावं दिली आहेस हे मला माहीतच नव्हतं. पुढे तलवार घेऊन भिंगरी. मागे पांढऱ्या झग्यात आई, जखमा बऱ्या करणारी. आणि बाबा कोण, तर कुऱ्हाड घेतलेला रेडा. ताकद भरपूर, बुद्धी चार. भिंगरी, बेडकाची बुद्धी सहा आहे. मी फ्रेमवालीला विचारून खात्री करून घेतली.

तुम्ही दोघी खेळायचात तेव्हा मी आत पेपर वाचत पडलेला असायचो आणि आवाज कमी करा म्हणून ओरडायचो. एवढं मात्र आठवतं, की आईची पाळी आली की तू रिमोट तिच्या हातात द्यायचीस. ती कपाळावरचा चष्मा खाली ओढायची आणि म्हणायची, "थांब, कोणाला किती लागलंय ते बघू दे." मग सावकाश एकेकाला बरं करायची. मला, म्हणजे रेड्याला, सगळ्यात शेवटी. "त्याला काही होत नाही," असं म्हणायची. ते मला आतून ऐकू यायचं.

नवा डाव मांडायचा धीर झाला नाही, म्हणून तुझाच पुढे नेतोय. तू त्या लाकडी पुलापाशी थांबली होतीस. आईच्या अंगावर तू काहीच ठेवलं नव्हतंस, ना काठी, ना चिलखत, ना अंगठी. सगळं पिशवीत पडलं होतं. मला ते बरोबर वाटलं नाही. होतं नव्हतं ते चांगलं सगळं तिला घातलं आणि मगच निघालो.

त्यानंतर बरंच पुढे आलोय. एका ठिकाणी जरा अडकलोय, पण होईल ते. तू काळजी करू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझा,
बुद्धी चार,
बाबा


शनिवार, २८ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद.

तुझे दोन्ही मेसेज मिळाले. "बाबा, गोल बटण दाबून धरा, बोलणं भराभर जातं." हे फार उपयोगी पडलं. खलनायकाचं बालपण मी शिंकायच्या आत संपवलं.

दुसरा मेसेज वाचून मी फोन पालथा ठेवला. "सेव्ह कुठे करताय? वरच्या जागेवर नाही ना?" त्याचं उत्तर द्यायला इतके दिवस लावले. कामाचा रगाडा होता असं लिहिता येईल. होताही. एका शाळेच्या चष्म्यांचं काम आलंय आणि नवीन यंत्र काचेच्या कडा खातंय. तरी पण तेवढ्याने काही उत्तर अडत नाही.

वरच्याच जागेवर केलं.

मला खरंच माहीत नव्हतं की तिथे केलं की तुझं पुसलं जातं. खाली दोन जागा रिकाम्या होत्या. खेळाने विचारलंही, यावर लिहू का म्हणून. पण या खेळाला प्रत्येक गोष्ट विचारायची खोड आहे, मी हो म्हणून मोकळा झालो.

आता पुलाचं सांगतो. तुला ठाऊक आहे काय होतं ते, तरी माझ्याकडून ऐक.

अर्ध्यावर गेल्यावर पूल मोडायला लागतो. कोणीतरी अलीकडे राहून दोर धरायला हवा. आई मागे फिरते, दोर हाताला गुंडाळते आणि म्हणते, "तुम्ही व्हा पुढे." खाली विचारतात, पुढे जायचं का? हो किंवा नाही. मी नाही म्हटलं. ती पुन्हा तेच म्हणाली आणि पुन्हा तेच विचारलं. पुन्हा नाही. मग माझी चिडचिड झाली. ऐकायचंच नसेल तर विचारता कशाला? मी नाही म्हणत राहिलो आणि ती दर वेळी त्याच आवाजात, तुम्ही व्हा पुढे. अंगठा दुखायला लागला तेव्हा हो म्हटलं.

पलीकडे सेव्ह करायचा दगड होता. मला वाटलं, पुढच्या गावात भेटेल ती. या खेळात एवढी माणसं आडवी होतात आणि धर्मशाळेत एक झोप काढली की ठणठणीत उठतात. म्हणून सेव्ह केलं. गावात गेलो, तिघांचे पैसे भरले, झोपलो. सकाळी दोघंच उठली, तू आणि रेडा.

सोमवारी डबा खाताना फ्रेमवालीला म्हटलं, काहीतरी बिघडलंय, एक माणूस परत येत नाही. तिने विचारलं, "कुठला? पुलावरची?" मी हो म्हटलं. तिने चमचा खाली ठेवला.

"काका, ती येत नाही. गोष्टच तशी आहे."

"आणि तिच्या अंगावरचं सामान?"

"ते तिच्याबरोबर गेलं. म्हणून तर जाणकार लोक आधी सगळं काढून घेतात. कोण जाणार हे कळलं की त्याच्या अंगावरचं उतरवून पिशवीत ठेवायचं. मागच्यांना लागतं ना पुढे."

मी म्हटलं, "माझ्या मुलीने काढलं होतं. मीच परत घातलं."

"म्हणजे तिला माहीत होतं," फ्रेमवाली म्हणाली. "माहीत असल्याशिवाय कोण काढेल?"

त्या दुपारी मी दोन भिंगं उलटी घासली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

तुझ्या जागेसमोर तारीख होती, ती मी पुसायच्या आधी वाचली होती, पण तेव्हा डोक्यात शिरली नव्हती. आई दवाखान्यात होती आणि तू तिचे कपडे न्यायला घरी आली होतीस, तो दिवस. मी तुला फोन करून ओरडलो होतो, कपडे आणायला एवढा वेळ कशाला लागतो म्हणून. तू घरी बसून तिच्या अंगावरचं एकेक काढत होतीस आणि मग पुढचं बटण तुझ्याने दाबवलं नाही. आता मला हेही कळतंय की त्याआधी तू कितीतरी दिवस पुलाच्या अलीकडेच बेडूक मारत का फिरत होतीस. आई वैतागायची, "अगं पुढे जा की, किती घुटमळतेस एका जागी?" तू म्हणायचीस, आधी तुला अजून ताकदवान करू दे. केवढी ताकद देऊन ठेवली होतीस तिला. पुलावर त्यातली काही कामाला आली नाही.

आणि मग दवाखान्यातला तो दिवस. इतकी पानं मी बेडकांवर खर्च केली ती यासाठी, की हे लिहावं लागू नये.

मी औषधं घेऊन वर आलो. तिला ऑपरेशनला आत न्यायची तयारी चालली होती. तू तिच्या बोटातली अंगठी काढत होतीस, घड्याळ काढून झालं होतं, आणि मग तू तिचा चष्मा काढलास. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढी घाई कसली झालीय तुला? मेली नाहीये ती अजून."

नर्सने सांगितलं म्हणून तू काढत होतीस, हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी तुला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं आणि तू ते एकटीने पोटात ठेवलंस, हे नंतर मावशीने सांगितलं. कळूनही मी तुला एका शब्दाने काही म्हणालो नाही. तू फोनवर गुडघा विचारायचीस, मी गुडघा सांगायचो.

मी तसं का बोललो तेही सांगतो. सबब म्हणून नाही. तिच्या नंबरची भिंगं मीच घासायचो. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरापलीकडे नुसते रंग दिसायचे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तू चष्मा काढलास तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की आता तिला आपली तोंडं दिसणार नाहीत. मी दारापाशी उभा होतो. तिने माझ्या दिशेने पाहिलं. तिला मी दिसलो की नुसता माझा निळा सदरा दिसला, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्याचा राग मी तुझ्यावर काढला. तुझा काही दोष नव्हता, भिंगरी. तू होतीस म्हणून तिचं शेवटचं सगळं नीट झालं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं आणि तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

आता तुझ्या डावातून मी तिला घालवून बसलोय, आणि परतीची वाट नाही. फ्रेमवालीला मी तीन-तीनदा विचारलं. तू आणि ती जिथे थांबला होतात ती जागाच राहिली नाही. याबद्दल तू माझ्याशी भांडावंस असं मला वाटतं. भांडायला ये. फोनवर नको. त्या सोमवारपासून यंत्र मी बंद करून ठेवलंय, पुढे एक पाऊल टाकलेलं नाही.

आणखी एक. त्या दिवशी तू मला एक पिशवी दिली होतीस, दवाखान्याची, वर आईच्या नावाची चिठ्ठी डकवलेली. तू ती माझ्या हातात ठेवलीस आणि मी ती आणून कपाटात वरच्या फळीवर टाकली. तेव्हापासून हात लावला नव्हता. काल संध्याकाळी कामावरून आल्यावर काढली. अंगठी आहे, घड्याळ आहे, बंद पडलंय. खाली रुमालात चष्मा. रुमालही तुझाच आहे, घड्या घालून नीट गुंडाळलेला.

खेळात मी तिला सगळं घालून पाठवलं आणि माझ्या पिशवीत तिचं काही उरलं नाही. घरात तू सगळं काढून घेतलंस, म्हणून आज टेबलावर माझ्यासमोर हे आहे.

उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा आहे. तुला माहीत आहे, मला काच दिसली की हात आपोआप फडक्याकडे जातो, लग्नात लोकांचे चष्मे पुसणारा माणूस मी. काल फडकं हातात घेतलं आणि ठेवून दिलं. ठसा तिचा असेल, नाहीतर काढताना उमटलेला तुझा असेल. मला ते ओळखता येत नाही.

पुसलेला नाही. तसाच रुमालात ठेवलाय. तू येशील तेव्हा दाखवेन.

तुझा,
बाबा