पहिलवानाची छाती आणि डॉक्टरांची पेटी

मु. म्हसा, ता. मुरबाड
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थरूप वाल्मिकदादा यांस,

धाकट्या सकूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुम्ही नि पोरं तिकडे मुंबईत खुशाल असाल, वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असेल. इकडे भात झोडून झालं, वाल पेरले, काळी गाय व्याली. सगळे बरे आहोत. (सगळे म्हणजे कोण कोण, ते पुढे वाचा.)

गेल्या सोमवारी मुंबईचे डॉक्टर जीपगाडीतून शाळेत आले. बरोबर बाजाच्या पेटीएवढी एक पेटी. हातापायांना पत्र्याच्या पट्ट्या बांधायच्या, छातीला गार मलम लावायचं, की पेटीतून कागद निघतो नि काळजाचं चालणं त्यावर उमटतं. दुखत नसलं तरी काळजात खोट असू शकते, म्हणून धडधाकट माणसांनीही यावं, असं ते सांगत होते. पण गावात आवई उठली, की पेटी अंगातली ताकद ओढून घेते. (लखमाची सासू म्हणाली, मनातलं पापही कागदावर येतं. त्यावर निम्मी रांग पांगली.)

शेवटी डॉक्टर म्हणाले, कुणीतरी दणकट माणूस आधी झोपा, म्हणजे बाकीच्यांची भीती जाईल. झालं! तुमचे दाजी सदरा काढून पुढे. जत्रेत उधळलेला बैल शिंगं धरून थांबवणारा माणूस! टेबलावर असे पसरले, जणू फोटोच काढायचाय. "बगा रे, मला काय व्हतंय का!"

डॉक्टरांनी कागद पाहिला. पुन्हा काढला. मग हळूच विचारलं, मागे कधी छातीत दुखलं होतं का? हे म्हणाले, "नाय बा." मी दारातूनच ओरडले, "नाय कसं? दिवाळीआधी भात कापताना घामाघूम होऊन बांधावर बसले, नि वालाची उसळ बाधली म्हणून माझ्या रांधण्याचा उद्धार केला!" डॉक्टर म्हणाले, बाई, ती उसळ नव्हती, काळजाचा झटका होता. (दादा, तेव्हापासून मी उसळीतला मसाला कमी करून करून दमले होते.)

मग ह्यांनी पेटीवरच आळ घेतला. "ती बिगडलीय. यमाजीआबाला झोपवा." यमाजीआबा म्हणजे शेजारचे म्हातारे, दर पौषात मरायला टेकतात. त्यांचा कागद स्वच्छ! आबा खूश होऊन घरी गेले नि दोन भाकऱ्या जास्त जेवले. ह्यांची गत बघून बाकीचं गाव मात्र मुकाट रांगेत लागलं.

संध्याकाळी हे गोठ्यात गेले, ते बैलाच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे. मी हाक मारली, तर म्हणाले, "सकू, मी लगीच मरत नाय ना गो?" मी म्हणाले, "जत्रा व्हायचीय अजून." दोघंही हसलो. नंतर मला चुलीच्या धुराचं निमित्त मिळालं.

तुमची,
सकू

ता. क. डॉक्टरांनी मुंबईच्या इस्पितळाची चिठ्ठी दिलीय, पण हे म्हणतात जत्रा झाल्यावर बघू. तुम्ही पत्र धाडा, की घरात भांडण पेटलंय, सोडवायला या. दुसऱ्याचं भांडण म्हटलं की हे भरल्या ताटावरून उठतात.

आणखी एक. बायकांची पाळी दुपारी होती. पडदा होता, नर्सबाईही होत्या. पण चोळी काढायची असं ऐकलं नि मी डॉक्टरांच्या जेवणाच्या भाकऱ्या थापायला पळाले. दादा, विहिरीवरून हंडा आणताना हल्ली मलाही वाटेत टेकावं लागतं. ह्यांना बोलू नका, नाहीतर मला तिथे झोपवून स्वतः घरी पळतील. वहिनींना एवढंच विचारा, त्या इस्पितळात बाई डॉक्टर असते का?