वाया जाऊ नये म्हणून

प्रिय छोटे,

पत्र बघून दचकशील. आपण रोज फोनवर बोलतो, मग ताईला हे काय सुचलं? पण फोन वाजला की अण्णा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात, म्हणून लिहितेय. शांतपणे वाच.

अण्णांचा तो शब्द आठवतो ना? नासाडी. पेन्सिलीला जास्त टोक केलं की नासाडी, नळ ठिबकला की नासाडी, आपण दोघी खिदळत बसलो की वेळेची नासाडी. एकदा तू टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून उरलीसुरली पेस्ट त्यांना नेऊन दाखवलीस. त्यांना थट्टा कळलीच नाही, उलट शाबासकी मिळाली! वसतिगृहाच्या स्वयंपाकघरावर देखरेख करण्यात त्यांचा जन्म गेला. ताटात टाकलेलं अन्न बघून खरंच त्यांच्या पोटात तुटायचं. त्यात वाईट काहीच नव्हतं गं.

आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचं सगळं तेच बघायचे. मी निर्धास्तपणे कामावर जायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. आधी त्यांनी आईच्या खोलीतला दिवा काढला. "ती डोळे मिटूनच पडलेली असते, जाळायचा कुणासाठी?" मला हसू आलं. मग पंखा बंद झाला. मग तिची दुधाची वाटी लहान झाली, कारण अर्धं दूध हनुवटीवरून ओघळतं. मी कुरकुरले, तर तिची हनुवटी हलकेच पुसत म्हणाले, "अगं, पोटात जातं तेवढंच देतो." आवाजात राग नाही, वैताग नाही. हल्ली इतकं मऊ बोलतात की ऐकणाऱ्याला पटायला लागतं.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांचा काही उपयोग दिसत नाही. अण्णा शेजारी बसून मान डोलवत होते. घरी येऊन मी त्यांचं कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं न फोडता, रबर लावून नीट रचलेली. विचारलं तर म्हणाले, "बऱ्या होणाऱ्या माणसाच्या तरी कामी येतील." मी ओरडले, रडले. ते उठले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. अर्धाच पेला.

तेव्हापासून मी रजेवर आहे. गोळ्या मीच देते, मीच भरवते. आईला बोलता येत नाही, पण अण्णा खोलीत आले की माझं बोट घट्ट धरते.

काल दुपारी जुनं फर्निचर विकत घेणारा माणूस दारात आला. तुमच्या बाबांनी पलंग बघून जायला सांगितलंय, म्हणाला. मी म्हटलं, त्यावर माझी आई झोपलीय. तो बिचारा ओशाळला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून अण्णा म्हणाले, "शनिवारी या. तोवर मोकळा होईल."

छोटे, शनिवारच्या आत गाडी घेऊन ये. आईला उचलावं लागेल, जावईबापूंनाही आण. तिला एकटं सोडून मी शेजारीसुद्धा जात नाही. हे पत्र काकूंच्या लेकीच्या हाती देतेय. मागचं दार उघडं ठेवीन. अण्णा समोर आले तर वाद घालू नकोस, त्यांचं ऐकत उभी राहू नकोस, सरळ आईपाशी ये. आत्ताच ते दारातून विचारून गेले, एवढं काय लिहितेस म्हणून. खुशाली, म्हटलं. तू येतेयस हे मी आईच्या कानात सांगून टाकलंय. आता न येऊन चालणार नाही.

तुझीच,
ताई