चौदा नंबरच्या बसबद्दल मामांना

अम्मान,
गुरुवार, दुपारची नमाज उरकून

आदरणीय आतिफमामांच्या सेवेशी,

तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा, मुन्जिरचा, सलाम. उजव्या हातावर एक आणि कपाळावर एक असे दोन मुके पत्रातूनच स्वीकारावेत, कारण समोर आलो तर तुम्ही कपाळ पुढे कराल याची आज मला खात्री नाही. तुमचा डावा गुडघा कसा आहे? क्लच दाबताना अजून ठणकतो का? मामींची साखर आटोक्यात आहे ना? आणि तुमची ती पांढरी मिनीबस, जिला मामी तुमच्या तोंडावर 'माझी सवत' म्हणतात, तिची तब्येत काय म्हणते? आम्ही इकडे अल्लाच्या कृपेने ठणठणीत आहोत. आईचे दात सोडले तर घरात तक्रारीला जागा नाही, आणि दातांनाही तक्रार अशी नाही, आईलाच आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. (विचारणार नाही, हे मला माहीत आहे. गेले चार महिने तुम्ही माझा फोनच उचलत नाही.) रुम्मान टेकडीवरून खाली बलदच्या बाजारापर्यंत तुमची मिनीबस तीस वर्षं चालली, आणि त्याच रस्त्यावर तुमच्याच भाच्याने सरकारी चौदा नंबर सुरू केली, याचा तुम्हाला राग आला. तो यायलाच हवा होता. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून हे पत्र लिहून आईच्या हाती देतो आहे. ती तुमची थोरली बहीण आहे, तिच्या तोंडावर दार लावण्याची हिंमत रुसैफा गावात कुणाची नाही.

मामा, मी आज फार आनंदात आहे. आमच्या 'सात टेकड्या परिवहन' कंपनीचा मी संचालक झालो तेव्हा तुम्ही म्हणाला होता, की ज्याला घरची सायकल वळवता येत नव्हती तो आता शहर वळवणार. वळलं, मामा. निदान वळायला लागलं आहे. येत्या रविवारी शहराच्या वाहतूक समितीच्या इंजिनियर हनादीबाई स्वतः चौदा नंबरमध्ये बसणार आहेत. बस भरलेली असली पाहिजे आणि टेकडीपासून बलदपर्यंत चाळीस मिनिटांत पोचली पाहिजे. दोन्ही जमलं तर चौदा नंबर कायमची झाली. नाही जमलं तर नऊच्या नऊ नव्या बस आगारात जाऊन उभ्या राहतील, त्यांचे ड्रायव्हर घरी बसतील आणि मी परत जावक विभागात पाकिटं चिकटवत बसेन. आता ऐका, चार महिन्यांत काय काय घडलं ते.

सुरुवात थांब्यांपासून झाली. कंपनीच्या तज्ज्ञांनी संगणकावर बावीस थांबे आखले. जिथे रस्ता रुंद होता तिथे थांबा, असा साधा हिशेब. काचेच्या भिंती, वर छप्पर, बसायला लांबलचक बाक. फक्त तिथे माणसं उभी राहत नव्हती. माणसं उभी राहत होती जळालेल्या औषधाच्या दुकानापाशी (दुकान जळून पंधरा वर्षं झाली, आता तिथे मोबाईल विकतात, पण लोकांच्या लेखी ते अजून जळतंच आहे), उम्म वसफीच्या भिंतीपाशी आणि जिथे डाळिंबाचं झाड होतं तिथे. म्हणजे जिथे जिथे तुम्ही ब्रेक दाबता तिथे. आमची बस त्यांच्यासमोरून रिकामी जायची, ते तिला प्रेमाने हात करायचे, आणि मग तुमच्या गाडीत बसायचे.

पण थांबे ओस राहिले असं नका समजू. सावली, वारा आणि बाक फुकटात मिळत असताना आपली माणसं घरी बसतील का? तिसऱ्याच दिवशी टेकडीवरच्या पहिल्या थांब्यात हाजी अबू मिस्काल येऊन बसले. तुम्ही त्यांना ओळखता, पांढऱ्या मिशांचे, ज्यांच्या शब्दावर अख्खी टेकडी उठते आणि बसते. हाजी आले म्हणून त्यांचे मित्र आले. मित्र आले म्हणून कॉफीची किटली आली. किटलीमागोमाग शेगडी, मग उशा, आणि महिनाभरात गालिचा. पुढच्या थांब्यात तर एका कुटुंबाने तीन दिवस मयताच्या सांत्वनाची बैठक बसवली, खुर्च्या मांडून. संगणकाने बसला सांगितलं होतं, थांब्यात माणसं दिसली की थांब. बस थांबायची. ड्रायव्हर उतरायचा, सगळ्यांशी हात मिळवून दुःख व्यक्त करायचा, फातिहा म्हणायचा आणि परत येऊन बस सुरू करायचा. त्याच्या मागोमाग प्रवासीही उतरायचे, कारण ड्रायव्हर उतरला आणि आपण बसून राहिलो हे बरं दिसत नाही.

चौदा नंबरचा ड्रायव्हर नवाश. चांगल्या घरचा मुलगा, मोठ्यांपुढे मान वर करत नाही. ड्रायव्हरच्या अंगी असू नये असा हा एकच गुण, आणि तो त्याच्यात ठासून भरलेला. रोज सकाळी सात वाजता बस हाजींच्या थांब्याशी उभी राहायची, दार उघडायचं, आणि आतून हाजी म्हणायचे, या, बसा, कॉफी घ्या. त्यांना कुठे जायचं नसायचं. नवाश उतरायचा. पहिल्या दिवशी कप हलवून 'पुरे' म्हणायला तो लाजला आणि हाजींचा नातू ओतत राहिला. त्या दिवशी बस बलदला पोचली तेव्हा बाजारातल्या भाजीवाल्यांची दुसरी गाडी खाली होत होती.

मग मी संचालकाला शोभेल असं केलं. परिपत्रक काढलं. 'कर्तव्यावर असताना कोणत्याही ड्रायव्हरने थांब्यावर कॉफी पिऊ नये.' खाली सही, त्यावर गोल शिक्का, आणि आगाराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत. मला वाटलं, संपला प्रश्न. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, पण मामा, इतकं सुंदर भलतंच माझ्या आयुष्यात आजवर झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी बस हाजींच्या थांब्याशी थांबली. नवाशपुढे पेच. कप नाकारावा तर हाजींचा अपमान, प्यावा तर माझ्या शिक्क्याचा. बिचाऱ्याने दोन्ही बाजू राखल्या. कप आदराने उजव्या हातात घेतला, आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. आमच्या बाबांचे वडील आईला मागणी घालायला आले तेव्हा त्यांनी तुमच्या वडिलांपुढे कप असाच ठेवला होता आणि शब्द मिळेपर्यंत एक घोट घेतला नव्हता, ही गोष्ट तुम्हीच मला शंभर वेळा ऐकवली आहे. थांब्यात पट मांडलेला होता म्हणे. सोंगट्या थांबल्या. हाजी उठून उभे राहिले, पाठोपाठ सगळे उभे राहिले. बसमधल्या एका बाईने खिडकीतून शेजारणीला सांगितलं, की पोराने काहीतरी मोठं मागायचं ठरवलंय, बहुतेक मुलगीच मागतोय.

हाजींनी विचारलं, "बोल बाळा, माझ्या दारात आलास. काय हवंय तुला?"

नवाशला काहीच नको होतं. त्याला फक्त परिपत्रक पाळायचं होतं. पण एवढे सगळे वडीलधारे उभे राहिल्यावर 'काही नाही' म्हणणं म्हणजे त्यांची थट्टा. घाम पुसत त्याने खरं तेच सांगून टाकलं. "हाजी, बसमध्ये कुणी बसत नाही. रविवारी बंद करणार आहेत. आम्ही सगळे घरी बसणार."

हाजींनी एकवार काचेच्या भिंतींकडे आणि छपराकडे पाहिलं. इतके दिवस आपण कुणाच्या घरात बसलो होतो हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. म्हणाले, "कॉफी पी. टेकडी तुझ्या बसमध्ये बसेल."

आणि नवाश कॉफी प्यायला. (नियमभंग. त्याच दुपारी मी त्याला कारणे दाखवा नोटीस आणि अभिनंदनाचं पत्र अशी दोन पाकिटं दिली. त्याने दोन्ही चौकटीत लावली आहेत.)

काल, बुधवारी सकाळी मी स्वतः टेकडीवर गेलो. मामा, डोळे भरून आले. थांब्यात, थांब्याबाहेर, गटारावर, भिंतीवर, जिकडे बघावं तिकडे माणसं. हाजी काठी घेऊन दारात उभे आणि एकेकाला आत चढवत होते. दुकानदार दुकानं उशिरा उघडून आले होते. उम्म वसफी डबा घेऊन आली होती, कुठे चाललात विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाऊक? हाजींनी शब्द दिलाय." एक इसम तर बलदहून नुकताच घरी आला होता, तो परत बलदला निघाला. बस अशी भरली की दार लावायला बाहेरून दोघांनी खांदा दिला. हनादीबाईंच्या माणसाने दारात उभं राहून माणसं मोजली आणि मोजता मोजता तोही आत ओढला गेला.

फक्त वेळ थोडी जास्त लागली. एकसष्ट मिनिटं. कारण प्रत्येक थांब्यावर एक बाई चढली की तिला अनोळखी पुरुषाशेजारी बसावं लागू नये म्हणून अख्खी बस उठायची, जागा बदलायची, मग दुसरी चढली की पुन्हा. नवाशला कुणाला कुठे बसा म्हणायचा धीर नाही. शिवाय जो तो आपल्या दारापाशीच 'इथेच थांबव बाबा' म्हणायचा आणि नवाश थांबायचा. हनादीबाईंचा निरोप आला आहे, प्रवासी उत्तम, वेळ भयंकर. हत्ती गेला आणि शेपूट तेवढं राहिलं, असं मी त्यांना कळवलं. त्यांनी शेपूट मोजून कळवलं, एकवीस मिनिटं.

आता एक कबुली. आज सकाळी मी टोपी डोळ्यांवर ओढून तुमच्या मिनीबसमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. हेरगिरी म्हणा. घड्याळ हातात होतं. तेहतीस मिनिटं, मामा, आणि एकही जागा रिकामी नव्हती. तुम्ही बायकांना चढण्याआधीच नावाने हाक मारून पुढे बसवता. म्हातारा गल्लीतून येताना दिसला की थांबत नाही, वेग कमी करता, तो रस्त्याशी येतो तेव्हाच दार त्याच्यापाशी येतं. दोघांना वेगवेगळ्या दारी उतरायचं असलं तर एकाला म्हणता, "अरे, चार पावलं चाल, पोट कमी होईल," आणि तो हसत चालतो. बावीस थांबे आखणाऱ्या आमच्या संगणकाला यातलं एकही ठाऊक नाही. मीही तीस वर्षं तुमच्या मागे बसून वाढलो आणि एकदाही पाहिलं नाही. याची मला लाज वाटली. बलद आल्यावर तुम्ही मागे न बघता तिळाचा गोल पाव, कअक, पुढच्याच्या हाती दिलात आणि म्हणालात, "मागच्या टोपीवाल्याला द्या, सकाळपासून उपाशी असेल." म्हणजे तुम्ही मला ओळखलं नाही असं मी धरून चालतो. कअक ताजा होता.

बाकी सर्व क्षेम. मामींच्या हाताला माझा मुका. आमच्या बसच्या यशाने तुमची मान उंचावली असेल या खात्रीने पत्र पुरं करतो.

तुमचा भाचा,
मुन्जिर
(संचालक, निदान रविवारपर्यंत)

ता. क. उद्या शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजेनंतर, तुमच्याकडे थोडे पाहुणे येतील. हाजींनी दिलेला शब्द अर्धाच पुरा झाला, बस भरली पण वेळेवर पोचली नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ती वेळेवर नेईल असा टेकडीला एकच माणूस ठाऊक आहे. एकतीस जण आहेत. चौदा नंबरनेच येतील, मी परवानगी दिली आहे. मामींना म्हणावं स्वयंपाक करू नका, कॉफी तेवढी ठेवा. कुणीही ती पिणार नाही.

ता. क. २. मागणं काय असेल ते आधीच सांगतो, म्हणजे चारचौघांत तुमची अडचण नको. रविवारी चौदा नंबर तुम्ही चालवावी, नवाश शेजारी बसेल. आणि मग दर महिन्याला आमच्या ड्रायव्हरांना शिकवायला यावं. मिनीबस सोडा असं मी म्हणत नाही. म्हणणार होतो, पण कअक खाल्ल्यावर खोडलं.

ता. क. ३. आईने हे सगळं वाचून घेतलं. चपला घालता घालता म्हणाली, "इतकी पानं कशाला खर्च केलीस? आणि ते एकतीस जण कशाला? माझ्या भावाला मी ओळखते. एक ओळ लिहिली असतीस तर गुडघा धरत चालत आला असता." मी म्हटलं, संचालकाने ती ओळ कशी लिहायची? ती म्हणाली, तू आधी भाचा झालास, संचालक नंतर. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवतो आहे, म्हणून ती ओळ तेवढी लिहितो आणि पाकीट तिच्या हाती देतो.

मामा, मला जमत नाहीये. या.