साहित्य: अ‍ॅल्युमिनियम, तार, हवा

हर्षदा मॅडम,

काल ह्यांच्या शिल्पांचं प्रदर्शन पाहिलं. हे असते तर हरखून गेले असते. त्या फिरत्या पात्यांपाशी ह्यांची जुनी फिल्म दाखवून तुम्ही पाहुण्यांना सांगत होता, "बघा, नुसत्या वाऱ्यानं फिरताहेत!" मला रागच आला.

मॅडम, ती फिल्म काढली त्या दिवशी वारा नव्हताच. मे महिना, ह्यांच्या कामाची कुकटपल्लीची पत्र्याची शेड आणि फिल्मचं एकच रीळ. शेवटी मीच पात्यांखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी बसून सुपानं वारा घालत होते. हे कॅमेऱ्यामागून ओरडत, "हल्लू, हवाबाई, हल्लू! वाऱ्याला कुठं बस पकडायचीय?" माझं मनगट आठवडाभर सुजलं होतं. पुढं चाळीस वर्षं ह्यांनी मला प्रमिला म्हणून हाक मारली नाही.

पात्यांखालची पाटी दुरुस्त करा, एवढंच लिहायला बसले होते. पण त्यावरचा मजकूर ह्यांच्याच वहीतला आहे, असं तुम्हीच म्हणालात. 'साहित्य: अ‍ॅल्युमिनियम, तार, हवा.' ह्यातली हवा कुठली, ते आत्ता लिहिताना माझ्या ध्यानात आलं.

आता हे पत्र टाकत नाही. पाटी आहे तशीच राहू द्या.

आपली,
हवाबाई