यमुनेच्या पोराचा दंड

मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६. अमरावती.

यमुना आज पोराला घेऊन परत आली. अजून खरं वाटत नाही. नागपूरकडून कापूस वेचायला आलेल्या बाया मुलाला एकदा देवी टोचून घेतात, मग दवाखान्याकडे फिरकत नाहीत. आठव्या दिवशी टोचल्या जागी आलेल्या फोडातली लस काढून मला इतर मुलांना टोचायची असते. त्यांना वाटतं, सरकार लेकराचं रक्त नेतं. त्यांच्या जागी मी तरी आलो असतो का?

पोराच्या दंडाला हिरव्या लुगड्याची चिंधी होती. यमुना ती सोडू देईना. "दादा, तुमच्या घरी लेकरू हाये ना? पयले त्याले टोचा माया पोराची लस. मंग बाकीच्यायले."

काय छाती बाईची. घरून माझ्या लेकीला, ठकूला उचलून आणलं. आई ओरडली, कोणत्या जातीची लस? मी थांबलो नाही.

टोचून झाल्यावर यमुनेने त्याच चिंधीचा तुकडा फाडून ठकूच्या दंडाला बांधला. मग मागे उभ्या बाया आपापली मुलं घेऊन पुढे आल्या.

आई म्हणते, चिंधी फेक. नाही फेकणार. आठव्या दिवशी ठकूला घेऊन, तिच्या फोडातली लस द्यायला बायांच्या पालांवर जायचं आहे. परत येण्याची पाळी आता माझी.