सवड होईल तेव्हा

अम्मान, २ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला सलाम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

एक चूक मात्र तुम्हालाच सांगावीशी वाटते. डोळ्यांच्या दवाखान्यातून रुग्णांना जाणारी इंग्रजी पत्रं मी अरबीत करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात 'आपल्या सोयीनुसार लवकरात लवकर' असं असतं. साहेबी भाषेत त्याचा अर्थ 'धावत या'. तुम्ही वर्गात शिकवायचात तसं अदबीचं अरबी मी लिहिलं, 'आपणांस सवड होईल तेव्हा यावे.'

उम्म निदाल नावाच्या बाई काचबिंदूच्या ऑपरेशनला दोन महिने आल्याच नाहीत. शेवटी मी त्यांच्या घरी गेले.

"अगं, सवडीनंच या म्हणालात ना?" त्या म्हणाल्या. "सून बाळंतीण, ऑलिव्हची तोडणी चाललेली. मला कुठली सवड?"

मी त्यांना तसंच टॅक्सीत घातलं. डावा डोळा गेला, बाबा. उजवा ऑपरेशननं वाचला.

पट्टी निघाल्यावर मी माफी मागितली. त्यांनी मला न्याहाळलं. "ते पत्र तू लिहिलंस? मला वाटलं, कुणी म्हातारा मास्तर असेल!" त्या हसल्या. मला रडू आवरेना.

आता मी 'आजच या' लिहिते. आमचे साहेब म्हणतात, उद्धट वाटतं. वाटू दे.

आईचे गुडघे कसे आहेत? आणि आपल्या गल्लीतला गोळीबार खरंच थांबला का? सरळ लिहा, बाबा. माझ्यासाठी शब्द मऊ करू नका.

तुमची लेक,
विदाद