रिकाम्या आइसबॉक्सची राखण

प्रिय आयडाताई,
माँटानाहून सप्रेम आठवण.

बिस्किटांचा डबा रिकामा असला, तरी तो दिसताच तुझा रूफस शेपटी हलवत का येतो, याचे तुला नेहमी नवल वाटते ना? येथील अस्वलांचेही तसेच आहे. आइसबॉक्स दिसला की आत खाणे असणारच, हे त्यांना अनुभवाने पक्के ठाऊक झाले आहे!

आम्ही खुशाल आहोत. गाडीमागे जोडलेला आमचा राहायचा ट्रेलर लहान, पण उबदार आहे. त्याचा पत्रा मात्र अस्वलाच्या पंजापुढे टिकत नाही. म्हणून अंग कितीही आंबलेले असो, जेवणानंतर सारे खाणे, अगदी साबणदेखील, मी तळावरच्या, अस्वलाला उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीत नेऊन ठेवते.

काल तुझा मेहुणा हार्लन वैतागला. "अगं, रिकामा आइसबॉक्स कशाला वाहतेस? गुडघ्यांची तरी दया कर!"

"गुडघे माझे दुखतील, पण जीव तिचा जाईल," मी म्हटले.

दोन पिले असलेल्या एका अस्वलीने येथे एक गाडी फोडली आहे. पुन्हा फोडली, तर वनरक्षक तिला गोळी घालणार आहेत.

हार्लनने आइसबॉक्सची दुसरी कडी धरली.

तुझी कंबर कशी आहे? एक करून पाहा. डबा साबणाने स्वच्छ धुऊन, वाळवून, रूफससमोर नुसता ठेव. तो आलाच, तर आम्ही रोज इतके का दमतो, ते तुला कळेल.

तुझी धाकटी,
व्हर्ना